फाइव्ह-सिक्स (फिलिपिन्स)

फिलिपिन्समधल्या छोट्या धंदेवाल्यांमध्ये रुजलेली, तारण न मागता दिलेल्या आणि रोजच्या हप्त्याने फेडायच्या कर्जाची पद्धत. पाच पेसो घ्यायचे आणि सहा परत करायचे म्हणून हे नाव. मंडईतले विक्रेते, सारी-सारी दुकानं (घराच्या खिडकीतून चालणारं छोटं किराणा दुकान), कारिंदेरिया म्हणजे साध्या खाणावळी चालवणारे, ट्रायसिकलवाले (साइडकार जोडलेल्या मोटरसायकलवर भाडं मारणारे), हे सगळे तिचे नेहमीचे ग्राहक. देणाऱ्याला सर्रास ‘बुंबाय’ म्हणतात, म्हणजे आपलं बॉम्बे, पण यातले बहुतेक भारतीय सावकार पंजाबी आहेत आणि मुंबईशी त्यांचा तसा काही संबंध नाही. शिवाय हा धंदा करणारे स्थानिक फिलिपिनोही भरपूर आहेत, हे याबद्दल लिहिणारे बऱ्याचदा विसरतात.

व्यवहार : समजा मासे विकणाऱ्या एका बाईने ५,००० पेसो घेतले. तिने ६,००० फेडायचे, ६० दिवस रोज १०० प्रमाणे. वरवर बघितलं तर व्याज २० टक्के. पण मुद्दल पहिल्या दिवसापासून उतरत जातं, म्हणजे पूर्ण मुदतीत तिच्या हातात सरासरी निम्म्याच्या आसपास रक्कम राहते, त्यामुळे खरा दर रोजचा सुमारे ०.६२ टक्के म्हणजे महिन्याला साडेअठराच्या आसपास पडतो, आणि तेच कर्ज ३० दिवसांत रोज २०० ने फेडलं तर दर जवळजवळ दुप्पट होतो. नुसतं ‘महिना २० टक्के’ असं लिहून मोकळं होणाऱ्यांनी मुदत आणि हप्ता सांगितल्याशिवाय हा आकडा देऊ नये.

वसुलीला सावकार मोटरसायकलवरून येतो, रोज साधारण त्याच वेळेला, आणि छोट्या वहीत किंवा कार्डावर खूण करून जातो. कागदपत्रं जवळपास नाहीतच. नवीन ग्राहक बहुधा जुन्या ग्राहकाच्या ओळखीने येतो. एखादा दिवस माल खपला नाही तर हप्ता उद्यावर जातो, बऱ्याचदा त्यावर वेगळं व्याजही लागत नाही, आणि नियमाने फेडणाऱ्याला पुढचं कर्ज लगेच, मोठं मिळतं. पैशाऐवजी वस्तूही देतात : पंखा, राइस कुकर, मच्छरदाणी, ब्लँकेट, छत्री, त्यांची किंमतही तशीच रोजच्या हप्त्याने वसूल होते.

उगम : याबद्दल एकमत नाही. एक मत असं की ही पद्धत पंजाबी लोकांनी आणली, कारण आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. दुसरं मत असं की ती मुळात शेतीतली उसनवारी आहे, म्हणजे पेरणीच्या वेळी भात घ्यायचं आणि सुगीला वाढवून परत करायचं, आपल्याकडे सवाई-दिडीने धान्य देत तसंच (पाचाचे सहा हे सवाईपेक्षा किंचित कमीच भरतं). लुझोन या देशातल्या सगळ्यात मोठ्या बेटाच्या मधल्या भातपट्ट्यात ताकिपान, तालिंदुवा अशा नावांनी धान्याची कर्जं चालत आणि त्यांचे दर पाचाला सहापेक्षा बरेच कडक असत. त्याच्याही मागे गेलं तर फ्रान्सिस्कन मिशनरी हुआन दे प्लासेन्सिया याने १५८९ मध्ये तागालोग (मनिलाच्या आसपासचा मूळ समाज) लोकांच्या रूढींवर जे लिहिलं त्यात कर्जापायी माणूस आलिपिन म्हणजे वेठीचा दास होत असल्याचं येतं, म्हणजे चढं व्याज स्पॅनिश लोकांच्या आधीपासूनचं दिसतं. स्पॅनिश काळात चिनी व्यापारीही उधारी देत, त्यामुळे काहीजण धागा तिकडे जोडतात.

पुरावा बघता दुसरं मत जास्त टिकतं. वाढीदिढीचं कर्ज तिथे आधीच होतं, भारतीयांनी त्यात रोजची, दारावरची वसुली आणि हप्त्याने वस्तू विकणं या दोन गोष्टी पसरवल्या असाव्यात. मात्र ‘फाइव्ह-सिक्स’ हे इंग्रजी नाव अमेरिकन राजवटीच्या (१८९८ नंतरच्या) आधीचं असणं कठीणच.

‘बुंबाय’ हे नाव : भारतीय शिपाई मनिलाजवळ १७६२ ते १७६४ या ब्रिटिश ताब्याच्या काळातच पोहोचले होते, त्यातले काही पळून काइंता गावात राहिले, पण ते मद्रासकडचे, त्यामुळे नाव त्यांच्यावरून आलं असावं असं वाटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सिंधी व्यापारी पेढ्या मनिलात दिसू लागल्या, आणि सिंध १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे नाव या पेढ्यांबरोबर आलं असण्याची शक्यता जास्त. पंजाबी मंडळी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली, त्यातल्या काहींना मनिलामार्गे अमेरिकेत शिरायचं होतं. मनिलाच्या पाको भागातलं खालसा दिवान गुरुद्वारा १९२९ च्या सुमाराचं मानतात. हळूहळू कुठलाही भारतीय बुंबाय झाला, आणि गोल मोठ्या कांद्यालाही ‘सिबुयास बुंबाय’ म्हणतात. नीट वागणार नाहीस तर बुंबाय पोत्यात घालून नेईल अशी भीती मुलांना घालत, या सवयीने तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांना दुखावलंय हे इथे नोंदवायलाच हवं.

परदेशी लोकांना किरकोळ व्यापारातून बाहेर काढणारा कायदा १९५४ मध्ये झाला (रिपब्लिक अ‍ॅक्ट ११८०), आणि दुकानं बंद झाल्यामुळेच भारतीय सावकारीकडे वळले असं काहीजण मांडतात. काही अंशी खरं असेल, पण पंजाबी फेरीवाले त्याच्या आधीपासून हप्त्याने माल विकत होतेच.

कायदा : व्याजावर मर्यादा घालणारा उसुरी कायदा (अ‍ॅक्ट २६५५) १९१६ चा. सेंट्रल बँकेच्या १९८२ च्या ९०५ क्रमांकाच्या परिपत्रकाने या मर्यादा उठवल्या, तेव्हापासून नुसतं व्याज चढं आहे म्हणून गुन्हा होत नाही, पण अवाच्या सव्वा दर कोर्ट कमी करू शकतं. २००७ च्या रिपब्लिक अ‍ॅक्ट ९४७४ प्रमाणे कर्ज देण्याचा धंदा करायला नोंदणीकृत कंपनी लागते, म्हणजे मोटरसायकलवरचा एकटा सावकार मुळातच कायद्याबाहेर.

जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांच्या सरकारने फाइव्ह-सिक्सवाल्यांना पकडायची आणि परदेशी असतील तर देशाबाहेर घालवायची घोषणा केली आणि सोबत पी-थ्री (पोंदो सा पागबाबागो आत पाग-आसेन्सो) ही योजना आणली, त्यात ५,००० पेसोपासून कर्ज आणि व्याज महिना जास्तीत जास्त २.५ टक्के ठेवलं होतं. आसेन्सो म्हणजे पुढे जाणं, वर येणं. हा शब्द तिथल्या रोजच्या बोलण्यात सतत असतो, आणि गाडा वाढवणं, पोरांच्या शाळेचा खर्च, परदेशी नोकरीसाठी एजन्सीचे पैसे, अशा आसेन्सोच्या कामांसाठीच बरीच कर्जं निघतात, जरी काही आजारपणात आणि तांदळातही जातात.

स्वस्त कर्ज असूनही लोक बुंबायकडे जातात ते अडाणीपणामुळे असं मानणं चूक आहे. मंडईतल्या बाईला पहाटे माल उचलायला रोकड आज हवी असते, संध्याकाळच्या गल्ल्यातून १०० बाजूला काढणं तिला जमतं पण महिनाअखेरीस ३,००० एकदम जमत नाहीत, आणि बँकेत ओळखपत्र, धंद्याचं लायसन्स, चार फेऱ्या यात तिचा धंद्याचा वेळ बुडतो. ज्या संस्थांना हे कळलं त्याच इथे टिकल्या, उदाहरणार्थ १९८६ मध्ये लागुना प्रांतातल्या सान पाब्लो शहरात सुरू झालेली कार्ड ही संस्था, जी बायकांना तारणाशिवाय छोटी कर्जं देते आणि आठवड्याला हप्ता घेते.

पालुवागान म्हणजे आपली भिशी, तीही याच वर्गात चालते, पण तिथे पाळी यायची वाट बघावी लागते, त्यामुळे ती ठरलेल्या खर्चाला आणि फाइव्ह-सिक्स अचानकच्या गरजेला अशी वाटणी दिसते. अलीकडे मोबाइल अ‍ॅपवरून कर्ज देणाऱ्यांनी या धंद्यात उडी घेतलीय, आणि कर्जदाराच्या ओळखीच्यांना मेसेज पाठवून बदनाम करायचे प्रकार इतके वाढले की कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सिक्युरिटीज अँड एक्सचेंज कमिशनला २०१९ मध्ये अशा वसुलीवर बंदी घालणारं परिपत्रक काढावं लागलं.