एकेक मूठ खत घेऊन बैठकीला या

घरच्या ओल्या कचऱ्याचं खत बिघडतं ते बहुधा जुलैत. नाशिकला पावसाची झड लागली की कोरडा पाला मिळत नाही. बादलीत नुसती सालं आणि उरलेला भात पडत राहतो. अशा वेळी शेजारपाजारच्या गटाचं मोल कळतं. पाऊस तोच, हवा तीच, भाजीबाजारही तोच. तरी गंगापूर रोडवरच्या एकाच सोसायटीत एका घरची बादली भुसभुशीत आणि दुसरीची चिखल झाली असेल, तर चूक शोधायला फार लांब जावं लागत नाही.

म्हणून बैठकीत भाषणं नकोत. प्रत्येकाने आपल्या बादलीतलं मूठभर खत आणावं आणि सगळ्यांसमोर घट्ट पिळावं. एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर, साधारण ५० ते ६० टक्के. धार लागली तर फटींतली हवा जाऊन तिथे पाणी भरलंय. हवेशिवाय जगणारे जिवाणू गंधकाचे वायू सोडतात, म्हणून सडक्या अंड्यासारखा वास येतो. नाकात झोंबणारा वास मात्र अमोनियाचा. जिवाणूंना एक भाग नत्रामागे (नायट्रोजन) २५ ते ३० भाग कर्ब (कार्बन) लागतो, आणि तो कोरड्या पाल्यात भरपूर असतो. कर्ब कमी पडला की जास्तीचं नत्र अमोनिया होऊन उडतं. सडक्या अंड्याच्या वासाच्या बादलीला उलथापालथ आणि पाला दोन्ही हवं, अमोनियाच्या बादलीला मुख्यतः पाला.

‘वास आला की चुना टाका’ हा सल्ला हमखास मिळतो आणि तो अमोनियाच्या बादलीत नुकसान करतो. चुन्याने सामू (पीएच) वाढतो, अमोनिया आणखी जोरात सुटतो. पटत नसेल तर दोन बादल्या शेजारी ठेवा, एकीत चुना, दुसरीत पाला. दोन दिवसांत नाकच सांगेल.

एकट्याच्या २० लिटरच्या बादलीत उष्णता टिकत नाही. दहा घरांनी मिळून मीटरभर लांब, रुंद आणि उंच ढीग केला तर आतलं तापमान ५५ ते ६५ अंशांवर जातं आणि टोमॅटो-भोपळ्याच्या बिया, रोगजंतू मरतात. लोखंडी सळई ढिगात दहा मिनिटं खुपसून ठेवा. बाहेर काढल्यावर हातात धरवत नसेल तर ढीग तापलाय. तळाला काड्यांचा थर द्या, हवा खेळते. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या चालतील, पण मोरचुदाची फवारणी झालेल्या नकोत. त्यातलं तांबं कुजत नाही, खतात साठतं.

पाल्याची तजवीज माघ-फाल्गुनातच करायची. जंगली बदामाची मोठी पानं तशीच घातली तर एकमेकांना चिकटून हवा अडवतात, ती पायाखाली चुरून घ्या. एका घराचा रोजचा ओला कचरा किलोभर, म्हणजे साधारण दोन लिटर, धरला तर पाला तेवढाच. पावसाळ्याच्या १२० दिवसांना २४० लिटर. ५० किलो गव्हाच्या गोणीत साठ-सत्तर लिटर मावतो. घरटी चार गोण्या, जमिनीपासून वीतभर उंचावर, छपराखाली.