रिंगा नव्या, तरी धूर का?

जुन्या मोटरसायकलमधून निळसर धूर, म्हणजे जळणारे तेल, येऊ लागला की ‘रिंगा गेल्या’, म्हणजे पिस्टनभोवतीची धातूची कडी झिजली, असे निदान इंजिन न उघडताच केले जाते. नव्या रिंगा पडतात आणि थोड्याच दिवसांत धूर परत येतो, कारण त्या ज्या सिलिंडरमध्ये घातल्या तोच गोल राहिलेला नसतो.

रिंग केवळ स्वतःच्या ताणाने भिंतीला चिकटते, हा समज अर्धाच खरा आहे. मिश्रण पेटले की तप्त वायू पिस्टनवरच्या खाचेत, रिंगच्या पाठीमागे शिरतो आणि तिला भिंतीवर दाबून धरतो. म्हणजे निसटू पाहणारा दाबच स्वतःची वाट बंद करतो. इतकी सुंदर युक्ती यंत्रांत क्वचितच आढळते. मात्र हा दाब सर्वाधिक असतो तेव्हा पिस्टन वरच्या टोकाला थांबून नुकताच उलट फिरलेला असतो. तेलाचा थर गतीवर टिकतो; गती शून्याजवळ आली की तो विरतो आणि धातूला धातू घासतो. म्हणून झीज वरच्या टोकाशी जास्त होते आणि रिंग जिथे पोचत नाही तिथे उरलेली कड नखाला लागते. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरपा असल्याने पिस्टन एका भिंतीवर अधिक रेटला जातो, आणि सिलिंडर लंबगोल होत जातो.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, कमी भरले, तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर गळती रिंगांपाशी आहे. न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट तपासावे. सिलिंडर उतरवल्यावर एक सुटी रिंग आत ठेवून, पिस्टनने ढकलून सरळ करावी आणि तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) तळाशी आणि वर मोजावी. तळाशी ०.३० मिलिमीटर असलेली फट वर ०.६० भरली, तर वाढलेला परीघ ०.३० आणि त्याला ३.१४ने भागल्यावर व्यासातील वाढ सुमारे ०.१ मिलिमीटर निघते. लंबगोलपणासाठी मात्र बोअर गेजच (आतला व्यास मोजणारे साधन) लागतो. झिजलेला धातू कोणत्याही ‘संजीवनी’ द्रव्याच्या बाटलीने परत येत नाही. रिबोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कापून पुन्हा गोल करून, ओव्हरसाइज (थोडा मोठा) पिस्टनच घालावा लागतो.

रिबोअरनंतर होनिंगच्या, म्हणजे दगडाने भिंत घासण्याच्या, तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा तेल धरून ठेवतात आणि त्यांच्या कडांवर घासत रिंगा बसतात. त्यासाठीही पाठीमागचा वायुदाबच हवा असतो. म्हणून नवे इंजिन तासन्‌तास नुसते आयडलवर ठेवू नये, ते बेताच्या भाराखाली, वेग कमीजास्त करत चालवावे.