‘स्वेट’ कथेतील प्रतिमा आणि पूर्वसूचन

अमेरिकन लेखिका झोरा नील हर्स्टन यांची ‘स्वेट’ ही कथा ‘फायर!!’ या नियतकालिकाच्या नोव्हेंबर १९२६ च्या अंकात आली. त्या नियतकालिकाचा दुसरा अंक निघालाच नाही. गोऱ्यांचे कपडे धुऊन घर चालवणारी फ्लोरिडातली कृष्णवर्णीय डेलिया आणि लग्नाची पंधरा वर्षे तिला छळणारा नवरा साइक्स यांची ही कथा. तिचा शेवट घरातल्या साध्यासुध्या वस्तूंमधून पहिल्या प्रसंगापासूनच डोकावू लागतो.

रविवारी रात्री अकराच्या सुमारास डेलिया कपडे निवडत बसलेली असते. खांद्यावर लांब, काळे, लिबलिबीत काहीतरी पडते. साप समजून ती गारठते. असतो तो चाबूक. साइक्स हसतो. सापाची तिला वाटणारी दहशत आणि त्या दहशतीची त्याला असलेली चटक इथेच पक्की होते. म्हणूनच पुढे तो साबणाच्या खोक्यात जिवंत, विषारी रॅटलस्नेक साप घेऊन येतो, तेव्हा ते ओढूनताणून आणलेले वाटत नाही.

सर्वांत कसबी काम आगकाड्यांचे आहे. चुलीमागे एकच काडी उरलेली असते, कारण जवळजवळ अर्धी पेटी साइक्सनेच लांबवलेली असते. डेलिया कुरकुरत त्या काडीने दिवा लावते. कपड्यांच्या टोपलीत साइक्सने सोडलेला साप दिसताच ती पळत सुटते आणि उघड्या दारातून आलेल्या वाऱ्याने दिवा विझतो. नंतर साइक्स घरात येतो, काडी चाचपतो. ती मिळत नाही आणि अंधारात साप त्यालाच डसतो. पहिल्या वाचनात काड्यांची ती कुरकुर नवऱ्याच्या उधळेपणाबद्दलची वाटते. पूर्वसूचन, म्हणजे पुढच्या घटनेची आधीच दिलेली चाहूल, असेच हवे: त्या क्षणी त्या वस्तूला तिचे स्वतःचे काम असले पाहिजे.

चर्चहून परतताना डेलिया जॉर्डन या बायबलमधल्या, भजनांत मरणाची सीमा मानलेल्या नदीच्या काळ्या, थंड पाण्याचे गाणे म्हणते. शेवटी तशीच थंड नदी साइक्सचा उघडा डोळा विझवायला चढत येते. दुकानाच्या ओसरीवर क्लार्क नावाचा दुकानदार बायकोला उसाच्या कांड्याची उपमा देतो: रस पिळून घ्यायचा आणि चोथा फेकायचा. ही प्रतिमा सरळ बोलून दाखवलेली आहे, त्यामुळे तिचा परिणाम काड्यांइतका खोल जात नाही.

सापाला केवळ बायबलमधला सैतान मानणारे वाचन तोकडे पडते. तो खराखुरा प्राणी आहे, साइक्सनेच बेडूक खाऊन सुस्तावलेला असताना पकडून आणलेला. शेवट म्हणजे डेलियाने घेतलेला सूड, हेही अर्धेच खरे. तिला साइक्सची कणव येते, तरी ती आत जात नाही, बकाणनिंबाखाली थांबते; ऑरलँडोचे डॉक्टर फार लांब आहेत, हेही तिला ठाऊक असते.