नस कापली, पण कोणती?

कॅज्युअल्टीत रुमालात बोट गुंडाळून आलेला माणूस बहुतेक वेळा म्हणतो, "डॉक्टर, नस कापलीय वाटतं." मराठीतली 'नस' मोठी सोयीची. रक्तवाहिनी ही नस, मज्जातंतू ही नस आणि बोट वाकवणारी दोरीसारखी कंडराही नसच. रुग्ण घाबरतो ते पहिलीला, कारण रक्त दिसतं. बोटावरचं रक्त बहुधा नीट दाबून धरलं की थांबतं. डॉक्टर शोधत असतात त्या उरलेल्या दोघींना. त्या गुपचूप तुटतात.

जखम कुठे आहे यावरून पुष्कळ कळतं. उजव्या हातानं सुरी चालवणाऱ्याची स्वयंपाकघरातली जखम सहसा डाव्या हाताच्या तर्जनीवर किंवा अंगठ्यावर असते. कांदा धरणारी बोटं तीच. विळीचं गणित वेगळं. पातं जागचं हलत नाही आणि दोन्ही हात त्याच्याकडे जातात, त्यामुळे उजव्या हातालाही सुटका नाही. नारळात सुरीचं टोक खुपसायला जावं, तर टोक अडतं आणि मूठ पुढे घसरते. मग सुरी धरलेल्याच हाताची बोटं पात्यावर येऊन ओळीनं चिरतात. ब्रिटनमध्ये अ‍ॅव्होकाडोची बी काढताना टोक थेट तळहातात घुसतं. असे रुग्ण इतके येऊ लागले की २०१७ मध्ये तिथल्या प्लास्टिक सर्जननी फळावर इशाऱ्याचं लेबल लावा असं सुचवलं. बाहेरून सेंटिमीटरभर छिद्र, आत काय तुटलंय ते मात्र त्यावरून सांगता येत नाही.

म्हणून डॉक्टर जखमेआधी बोट पाहतात. मधला सांधा सरळ धरून ठेवतात आणि फक्त शेंडा वाकवायला सांगतात. शेंडा हललाच नाही, तर खोलवरची कंडरा गेली. अर्धवट तुटलेली ओळखणं अवघड, कारण बोट वाकतं, जोर लावला की दुखतं एवढंच. शिवाय एक गंमत असते. कापलं तेव्हा मूठ वळलेली होती, तपासताना बोट सरळ आहे. तेवढ्यात कंडरेचा कापलेला भाग शेंड्याकडे सरकलेला असतो आणि जखमेच्या तळाशी दिसते ती पांढरीशुभ्र, धडधाकट दोरी. म्हणूनच ते विचारतात, "लागलं तेव्हा बोट कसं होतं?" रुग्णाला हा प्रश्न फालतू वाटतो.

तळहाताच्या वरच्या रेघेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतचा पट्टा सर्वांत बेरकी. तिथे एका अरुंद नळीतून दोन कंडरा जातात. एक दुभंगते आणि दुसरी त्या बेचक्यातून पुढे निघते. तिथे शिवलं की सगळं एकमेकांना चिकटून बसायचं. अमेरिकी सर्जन स्टर्लिंग बनेल यांनी या भागाला 'नो मॅन्स लँड' म्हटलं. तिथे तुटलेली कंडरा लगेच शिवू नये, नुसती कातडी बंद करावी आणि पुढे दुसरीकडची कंडरा आणून बसवावी, अशी रीत होती. १९६७ मध्ये अमेरिकेतल्याच लुईव्हिलच्या हॅरॉल्ड क्लाइनर्ट आणि सहकाऱ्यांनी लगेच शिवून चांगले निकाल दाखवले. त्यांची युक्ती म्हणजे नखाला अडकवलेलं रबरबँड. रुग्णानं बोट स्वतः सरळ करायचं, वाकवायचं काम रबरानं करायचं. शिवण ताणली जात नाही आणि कंडरा सरकती राहते.

मज्जातंतू बोटाच्या दोन्ही कडांनी जातात. ते तुटले तर बोट बधिर होतं, पण तीन वर्षांच्या रडणाऱ्या मुलाला "इथे कळतंय का?" असं विचारून काय उपयोग? १९७३ मध्ये आयर्लंडच्या ओ'रायन यांनी यावर साधी चाचणी सुचवली. हात अर्धा तास कोमट पाण्यात बुडवून ठेवायचा. मज्जातंतू शाबूत असलेली बोटं धुणं धुतल्यासारखी सुरकुततात. तुटलेल्याचं बोट गुळगुळीतच राहतं.