सराटा फोडणारी चोच

माणदेशात अनवाणी फिरलेल्याला सराटा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. दहिवडीकडच्या आमच्या रानात सायकल पंक्चर झाली की आधी संशय त्याच्यावरच. वाळलेला सराटा हातात घेऊन बघा. पाच फाका, त्यांवर टणक काटे आणि आत दडलेलं बारीक बी. नखाने ते निघत नाही, दगडच लागतो.

या सराट्याचा चुलतभाऊ प्रशांत महासागरात, गॅलापागोसमधल्या डॅफ्नी मेजर या इवल्याशा बेटावर उगवतो. तिथे दगडाचं काम चोच करते. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जीवशास्त्रज्ञ जोडपं १९७३ पासून तिथल्या चिमणीएवढ्या फिंच पक्ष्यांच्या चोची मोजत होतं. १९७७ साली पावसाने दडी मारली. मऊ, बारीक बिया संपल्या आणि उरले सराटे. तिथल्या मध्यम आकाराच्या भू-फिंचपैकी सुमारे ८५ टक्के पक्षी मेले. जे तगले त्यांच्या चोची आधीच्या सरासरीपेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटर जास्त जाड होत्या!

दुष्काळाने कुणाची चोच वाढवली नाही. बारीक चोचीचे गेले, जाड चोचीचे राहिले, एवढंच. पण चोच आईबापाकडून येते, म्हणून पुढच्या वर्षीची पिल्लंही जाड चोचीची निघाली. १९८३ ला धो धो पाऊस झाला, बारीक बियांचा सुकाळ आला आणि पारडं उलटं फिरलं.

मग एका पूर्वजापासून या फिंचच्या सुमारे १८ जाती झाल्या कशा? त्यासाठी सोयरीक तुटावी लागते. बेटाबेटांमधलं पाणी ती तोडतं, आणि गाणंही तोडतं. फिंचचा नर बापाचं गाणं शिकतो, आपली माणदेशी बोली घरातूनच येते तसं.

१९८१ साली शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या एस्पान्योला बेटावरून एक थोराड नर डॅफ्नीवर आला. गाणं परकं, चोच वेगळी. त्याने तिथल्याच मादीशी घर मांडलं. पण त्याच्या वंशजांचं स्थानिकांशी जुळेना आणि लवकरच ते आपसांतच जोड्या जमवू लागले. पुढे पुन्हा दुष्काळ पडला. त्या कुळातले एक भाऊ आणि एक बहीण तेवढे वाचले, आणि वंश त्या दोघांपासूनच पुढे चालला.