एका व्हिसात पूर्व आफ्रिका, पण टांझानिया वगळून

केनियातील नैरोबी व मसाई मारा, टांझानियातील सेरेंगेटी आणि अखेरीस एखाद्या सरोवराकाठी विसावा असा बेत आखणाऱ्यांमध्ये, ‘पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा’ काढला की टांझानियाही त्यात आलाच, हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. वस्तुस्थिती तशी नाही. २०१४ पासून दिला जाणारा, १०० डॉलर शुल्काचा आणि ९० दिवसांचा हा व्हिसा केनिया, युगांडा व रवांडा या तीनच देशांपुरता असून, ज्या देशाने तो दिला त्याच देशातून पहिला प्रवेश करावा लागतो. टांझानियाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. घोळाचे मूळ बहुधा नकाशातच असावे: मारा आणि सेरेंगेटी हे सलग गवताळ रान आहे आणि विल्डबीस्ट या मोठ्या आफ्रिकी हरणांचे कळप तेथील सीमा बेलाशक ओलांडतात, पर्यटकांच्या गाडीला मात्र इसेबानिया किंवा नामांगाच्या नाक्यापर्यंत वळसा घालून, पासपोर्टवर शिक्के घेऊनच पलीकडे जावे लागते. एकाच व्हिसात सारे बसवायचे असेल, तर मारानंतर युगांडाची राजधानी कंपाला, नैर्ऋत्य युगांडातील बुन्योनी सरोवर आणि तेथून जवळच्या सीमेवरून रवांडाची राजधानी किगाली हा मार्ग अधिक सोयीचा वाटतो. पीतज्वराच्या लसीचा दाखला दोन्ही मार्गांवर जवळ हवाच आणि ती लस निदान १० दिवस आधी घ्यावी लागते.