पाळण्यावरचा डोळा

बोरन्हाण आटपलं आणि पुतणी दमून काळ्या झबल्यातच झोपली. दिवा मालवला तसा पाळण्यावरच्या कॅमेऱ्यातून 'टक' असा बारीक आवाज आला. वहिनीच्या मोबाइलवर बघतो तर झबलं चक्क पांढुरकं! गालावरची काजळाची तीट मात्र काळीकुट्टच.

ही करामत अवरक्त प्रकाशाची. भिंगाभोवतीचे इवले एलईडी बहुतेक वेळा ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश टाकतात. आपल्या डोळ्यांना ७००च्या पुढे फारसं काही दिसत नाही, कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनला दिसतं. दिवसा याच प्रकाशाने रंग बिघडतात, म्हणून सेन्सरपुढे एक गाळणी असते. अंधार झाला की ती बाजूला सरकते, तोच तो 'टक'. कापडाचे बरेचसे काळे रंग अवरक्त प्रकाश अडवत नाहीत, त्यामुळे सूत तो परतवतं. काजळ म्हणजे शेवटी काजळी, कार्बन. ती सगळंच गिळते.

त्या रात्री आणखी एक गंमत लक्षात आली. बाळ रडलं ते आधी भिंतीतून ऐकू आलं, मोबाइलवर दीड-दोन सेकंदांनी. मधल्या वेळात तो आवाज कुठे होता? घराचा राउटर बाहेरून आलेल्या अनोळखी हाकेला सहसा ओ देत नाही. म्हणून कॅमेरा स्वतःच कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधून वाट उघडी ठेवतो. मोबाइलही तिथेच जातो आणि सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. थेट जमलं नाही, तर सगळं चित्र त्या सर्व्हरमार्गेच येतं. शेजारच्या खोलीतलं बाळ बघायला कदाचित परदेशाची वारी! १९३७ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीने 'रेडिओ नर्स' नावाचं यंत्र काढलं होतं. ते बाळाचा आवाज घरातल्याच विजेच्या तारांतून पाठवायचं.

म्हणजे पाळण्यावर टांगलेला असतो तो इंटरनेटला जोडलेला एक छोटा संगणक. ऑगस्ट २०१३मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनजवळ एका घरात असाच कॅमेरा परक्या माणसाच्या हाती गेला आणि तो झोपलेल्या मुलीला त्यातून शिव्या देऊ लागला. २०१६मध्ये 'मिराय' नावाच्या प्रोग्रॅमने कॅमेरे, राउटर अशी लाखो उपकरणं ताब्यात घेतली. युक्ती अगदीच बाळबोध: कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या एकेक करून लावून बघायच्या. २१ ऑक्टोबरला या फौजेने साइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला चढवला, तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येकांना तासन्‌तास उघडेनात. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४पासून सगळ्या नगांना एकच सोपा पासवर्ड देऊन माल विकायला कायद्याने बंदी घातली.

आमच्याकडे पासवर्ड बदललेला होता, पण तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला! सांगलीच्या आजीला नात दिसावी म्हणून. बहुतेक ॲपमध्ये 'शेअर'ची सोय असते. त्या सोयीने आजीला वेगळं खातं द्यावं, म्हणजे मालकीची किल्ली एकाच हातात राहते. दोन टप्प्यांचं लॉगिन सुरू करावं. अपडेट आलं की 'नंतर' म्हणू नये. राउटरवर पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क करता येत असेल, तर कॅमेरा त्यावर टाकावा.

एवढं सगळं केलं आणि कॅमेऱ्याची वायर पाळण्याच्या कठड्यावर लोंबतच होती. गळ्याभोवती अशी वायर आवळून बाळं दगावल्याच्या नोंदी अमेरिकेत आहेत, म्हणून ती निदान तीन फूट लांब ठेवायला सांगतात. दादाने स्टूल आणलं आणि कॅमेरा समोरच्या भिंतीवर ठोकला.